वायोमिंगच्या माळावर प्राँगहॉर्नची शिकार: अर्जापासून रश्श्यापर्यंत सगळं

मागच्या दिवाळीला डेन्व्हरमधल्या आमच्या घरी वीसेक माणसं जेवायला होती आणि मी सोलापुरी काळ्या मसाल्यातलं मटण केलं होतं, ते मटण बकऱ्याचं नसून मी स्वतः मारलेल्या प्राँगहॉर्नचं, म्हणजे इथल्या माळावरच्या हरणासारख्या प्राण्याचं आहे हे कळल्यावर निम्म्या लोकांनी ताट बाजूला ठेवायच्या ऐवजी परत वाढून घेतलं आणि चार-पाच जणांनी पुढच्या वर्षी आम्हालाही यायचंय म्हणून पिच्छा पुरवला. प्रत्येकाला फोनवर तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहितोय. मी या प्राण्याच्या मागे सात सीझन फिरलोय, एक शिकार फार वाईट पद्धतीने झाली आणि तीही खाली सांगणार आहे, कारण या सगळ्यातली मुख्य गोष्ट मला तिच्यातूनच समजली: माळावर लांबून गोळी मारायची नसते, जवळ जायचं असतं.

आधी एक स्पष्ट करतो. मी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाजवळ वाढलोय, काळवीट बघत लहानाचा मोठा झालोय, आणि आपल्याकडे काळवीट, चिंकारा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण संरक्षण आहे, तिथे शिकार म्हणजे गुन्हाच आणि तो कायदा असाच कडक राहावा असं मला वाटतं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातली गोष्ट वेगळी आहे, तिथे दरवर्षी मोजणी करून किती जनावरं मारायची ते सरकार ठरवतं, परवान्याचे पैसे वन्यजीव खात्याकडे जातात, शिवाय १९३७ च्या एका फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्यामुळे प्रत्येक रायफल आणि काडतुसांच्या विक्रीवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव कामाला मिळतो. १९२० च्या आसपास हा प्राणी संपायच्या बेतात आला होता, अख्ख्या खंडात काही हजारच उरले होते, आज एकट्या वायोमिंगमध्ये चांगल्या वर्षांत माणसांच्या संख्येशी बरोबरी करतील इतके असतात.

हा प्राणी नक्की काय आहे

लोक त्याला अँटिलोप म्हणतात पण तो खरा अँटिलोप नाही. त्याच्या कुळातला तो एकटाच उरलाय, आणि जिवंत प्राण्यांत त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी. शिंगावरचं आवरण दरवर्षी गळतं आणि नवीन येतं, असं दुसऱ्या कुठल्याच प्राण्याचं होत नाही. नर साधारण ४५ ते ६० किलोचा, मादी थोडी हलकी. ताशी ८५-९० किलोमीटरने पळतो. पण शिकाऱ्याच्या दृष्टीने पळण्यापेक्षा त्याचे डोळे महत्त्वाचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना मोठे बाहेर आलेले डोळे, मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं आणि दोन किलोमीटरवरचा माणूस चालताना त्याला सहज कळतो. म्हणजे तुम्ही त्याला बघायच्या आधी त्याने तुम्हाला बघितलेलं असतं, हे गृहीत धरूनच सगळी तयारी करायची.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे त्याला तारेच्या कुंपणावरून उडी मारायला आवडत नाही, तो खालून सरपटत जातो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

परवाना: जानेवारी ते जून

परवान्यासाठी लॉटरी असते, इथे तिला ड्रॉ म्हणतात. बाहेरच्या राज्यातल्या लोकांचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीला उघडतात आणि जूनच्या सुरुवातीला बंद होतात, निकाल जूनमध्येच लागतो. राज्याचे हंट एरिया पाडलेत, प्रत्येक एरियाला नंबर आहे आणि परवान्याचे टाइप आहेत. टाइप १ म्हणजे कुठलाही प्राँगहॉर्न, टाइप ६ म्हणजे फक्त मादी किंवा पाडस. टाइप १ ला बाहेरच्यांना तीनशे डॉलरच्या वर लागतात, मादीचा परवाना पन्नास डॉलरच्या आत मिळतो. पहिल्या वर्षी मादीचाच घ्या असं मी सगळ्यांना सांगतो, मांस तेच, शिकायला तेवढंच मिळतं आणि मोठ्या शिंगांच्या मागे लागून माणूस ज्या चुका करतो त्या होत नाहीत. टाइप १ ला नंबर नाही लागला तर प्रेफरन्स पॉइंट घेऊन ठेवता येतो, पुढच्या वर्षीच्या ड्रॉमध्ये त्याचा फायदा होतो.

इथे एक मोठा सापळा आहे. ज्या एरियात परवाना हमखास मिळतो तिथली बहुतेक जमीन खाजगी असते! नवीन माणूस खूश होऊन अर्ज भरतो आणि सप्टेंबरमध्ये तिथे जाऊन बघतो तर चारही बाजूंना रँचचं कुंपण. अर्जाच्या माहितीत वन्यजीव खातं स्वतःच सांगतं की अमुक एरियात सार्वजनिक जमिनीवर पोचणं अवघड आहे, ते वाचल्याशिवाय एक डॉलरही भरू नका.

२०२२-२३ चा हिवाळा भयंकर गेला, बर्फात आणि पाइनडेलकडे आलेल्या न्यूमोनियाच्या साथीत हजारो प्राँगहॉर्न मेले, त्यानंतर परवाने बरेच कमी केले. त्यामुळे जुन्या आकड्यांवर विसंबू नका, चालू वर्षाचाच कोटा बघा.

कायद्याचं, विशेषतः व्हिसावाल्यांसाठी

हे आपल्या लोकांनी नीट वाचा. एच-वन-बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे, अगदी मित्राची हातात घेतली तरी, पण अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे. म्हणजे क्रम उलटा होऊ देऊ नका, आधी लायसन्स, मग सरावाला शूटिंग रेंजवर जाणं. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. तरी आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकून खात्री करा, एका शिकारीपायी व्हिसा धोक्यात घालू नये.

१ जानेवारी १९६६ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर सेफ्टीचा कोर्स केल्याशिवाय वायोमिंगमध्ये सहसा शिकार करता येत नाही. कोर्स चांगला असतो, कंटाळा करू नका. रायफलने शिकार करताना भडक नारिंगी किंवा गुलाबी रंगाचं निदान एक कापड अंगावर दिसलं पाहिजे (प्राँगहॉर्न तुम्हाला ओळखतो तो हालचालीवरून, त्यामुळे नारिंगी टोपीची काळजी करू नका). सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी चालवायची, गाडीतून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून कधीच नाही, आणि ड्रोन उडवून जनावरं शोधणं बंद आहे.

नकाशा

जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळी मी नकाशाच घेऊन बसलेला असतो, बायको म्हणते शाळेत एवढा भूगोल केला असता तर. फोनवर ऑनएक्स हंटसारखं ॲप घ्या, त्यात कुठली जमीन कोणाची ते रंगाने दिसतं: बीएलएम या केंद्राच्या जमीन खात्याची म्हणजे फेडरल, राज्याची आणि खाजगी. नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा कारण तिथे रेंज नसते. राज्याच्या जमिनीवर शिकार चालते पण मुक्काम आणि शेकोटी चालत नाही. वॉक-इन एरिया म्हणून खाजगी जमिनी असतात ज्या वन्यजीव खात्याने शिकाऱ्यांसाठी भाड्याने घेतलेल्या असतात, तिथे गाडी लावून पायी जायचं, नवीन माणसाला त्या फार सोयीच्या.

दक्षिण वायोमिंगमध्ये रेल्वेच्या दोन्ही बाजूंना जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे, एक चौकोन सरकारी, एक खाजगी, कारण १९व्या शतकात युनियन पॅसिफिक रेल्वेला एक सोडून एक असे चौकोन दिले गेले. एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यातून समोरच्या सरकारी चौकोनात पाऊल टाकणं कायदेशीर का यावर एल्क माउंटनच्या प्रकरणात मोठी केस झाली आणि २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी पहिल्या वर्षी या भानगडीत पडू नका, सलग मोठी सरकारी जमीन असलेला भाग निवडा.

रायफल आणि सराव

काडतुसाच्या मापांत .२४३, ६.५ क्रीडमूर, .२५-०६, .२७० यातलं काहीही चालतं, जी हातात बसते ती घ्या. पैसे रायफलपेक्षा दुर्बिणीवर जास्त घाला, कारण दिवसातले आठ तास तुम्ही दुर्बिणीतून बघत असणार आणि ट्रिगर एकदाच दाबणार. १० पट मोठं दाखवणारी दुर्बीण, अंतर मोजायला रेंजफाइंडर, रायफलला बायपॉड म्हणजे दोन पायांचा टेकू.

झीरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी स्कोपची जुळणी, २०० यार्डांवर करा. क्रीडमूरची गोळी तिथून ३०० यार्डांवर सात-आठ इंच खाली येते, आणि बाजूने ताशी १० मैलांचा वारा असेल तर पाच-सहा इंच बाजूला जाते. आता वायोमिंगमध्ये १० मैलांच्या वाऱ्याला कोणी वाराच म्हणत नाही, कॅस्पर-रॉलिन्सच्या पट्ट्यात २०-२५ मैल रोजचंच आहे, म्हणजे तेवढ्याच अंतरावर गोळी फूटभर सरकली. आणि प्राँगहॉर्नच्या छातीतला जिथे लागायला पाहिजे तो भाग आहे आठ इंचांचा, कागदी प्लेटएवढा. हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा, मग लांबून मारायची हौस आपोआप कमी होते.

सराव टेबलावर बसून करू नका. जमिनीवर पालथं पडून बॅगेवर रायफल ठेवून, मग बसून, मग शंभर मीटर पळत येऊन धापा टाकत. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या प्लेटमध्ये जातात तेच तुमचं अंतर. माझं २५० यार्ड आहे आणि मी ते वाढवायच्या फंदात पडत नाही.

बाकी सामानात गुडघ्याला जाड पॅड, चामड्याचे हातमोजे, काटे काढायला चिमटा (जमिनीलगत निवडुंग असतो, दिसत नाही), दोन धारदार चाकू, माणशी चार लिटर पाणी, सॅटेलाइट मेसेंजर, दोन स्पेअर टायर. पेट्रोल शेवटच्या गावात भरून घ्या. पाऊस पडला तर तिथल्या मातीचा असा चिकट चिखल होतो की फोर-व्हीलसुद्धा सरळ चालत नाही, आपल्या काळ्या मातीत जून महिन्यात ट्रॅक्टर रुततो तसं. अशा वेळी गाडी हलवू नका, वाळायची वाट बघा. सप्टेंबरमध्ये रॅटलस्नेक फिरत असतात, सरपटताना हात कुठे टाकतोय ते बघा.

माळावरचा दिवस

पहाटे अंधारात एखाद्या उंचवट्याच्या थोडं खाली बसायचं, अगदी माथ्यावर नाही, आभाळाच्या रेषेवर माणूस दिसला की संपलं. उजाडलं की दुर्बिणीने सावकाश बघायचं. उन्हात त्यांचं पांढरं पोट आणि पांढरा पुठ्ठा लांबून चमकतो, सुरुवातीला प्रत्येक पांढरा दगड प्राँगहॉर्न वाटतो आणि प्रत्येक प्राँगहॉर्न दगड, दोन दिवसांत नजर बसते. नराच्या गालावर काळा डाग असतो, मादीच्या नसतो. मादीलाही लहान शिंगं असू शकतात, त्यामुळे परवाना मादीचा असेल तर गाल बघा, शिंगं नाही. नराचं शिंग मोजायचं तर कान साधारण सहा इंचांचा धरा, शिंग दोन कानांहून बरंच उंच आणि पुढचा फाटा कानाच्या वर असेल तर तो चांगला नर.

कळप दिसला की लगेच निघू नका! ही चूक सगळे करतात. अर्धा तास बघत बसा, चरत कुठल्या दिशेला सरकतायत, राखणीला डोकं वर करून कोण उभी आहे, वारा कुठून आहे, आणि मुख्य म्हणजे मधल्या जमिनीत कुठे ओघळ आहे, कुठे खोलगट आहे. माळ सपाट दिसतो पण सपाट कधीच नसतो, दोन-तीन फुटांची घडी प्रत्येक माळात असते आणि पालथं पडलेल्या माणसाला तेवढी पुरते. लहानपणी आम्ही माळावर लपंडाव खेळायचो त्यात हे सगळं शिकलो होतो असं आता वाटतं, गवताशिवाय काही नसलेल्या रानात पोरं गायब कशी व्हायची!

निघायच्या आधी कळपाच्या मागची एखादी खूण पक्की करा, वेगळ्या आकाराचं टेकाड, पवनचक्की, काहीही, कारण खाली उतरलं की सगळं सारखंच दिसतं आणि माणूस दोनशे यार्ड भलतीकडेच निघतो. वारा तोंडावर घ्या, जमलं तर सूर्य पाठीमागे. जिथपर्यंत आड आहे तिथपर्यंत चाला, मग वाका, मग रांगा, आणि शेवटचे दीडशे-दोनशे यार्ड पोटावर. एवढ्याला मला तास-दीड तास लागतो. सगळ्यांनी डोकी खाली घातली की सरकायचं, एकीने जरी वर केलं की आहे तिथे गोठायचं. पुठ्ठ्यावरचे पांढरे केस फुलले म्हणजे त्यांना संशय आलाय. आणि तेव्हा घाई केली तर गेलेच.

गेले तर मागे धावू नका. बऱ्याचदा ते किलोमीटर-दीड किलोमीटर जाऊन थांबतात आणि दोन-तीन तासांनी त्याच भागात परत येतात. तोपर्यंत कुंपण शोधा. खालच्या तारेला केस अडकलेत आणि खाली माती घासून गुळगुळीत झालीय अशी जागा मिळाली की तो त्यांचा रोजचा रस्ता, तिथून दीडशे यार्डांवर, वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला आडोसा धरून बसा. धनुष्यबाणवाले ऑगस्टमध्ये पाणवठ्यावर असेच बसतात. सप्टेंबरच्या मध्यापासून नर माद्यांच्या मागे वेडे झालेले असतात, त्या दिवसांत धनुष्यवाले नकली नर उभा करून त्यांना जवळ बोलावतात, पण आजूबाजूला रायफलवाले फिरत असताना प्राँगहॉर्नच्या चित्रामागे लपून बसणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे, ते करू नका.

गोळी

प्राणी पूर्ण आडवा असला पाहिजे. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर या, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. मागे कोणी उभं नाही ना बघा, गोळी आरपार जाते आणि तुमच्याकडे परवाना एकाचाच आहे. आणखी मागे मातीचा उंचवटा पाहिजे, मोकळं आभाळ असेल तर गोळी कित्येक किलोमीटर जाते. पालथं पडल्यावर अजून एक बघा: स्कोप नळीच्या दीड-दोन इंच वर असतो, त्यामुळे स्कोपमधून सगळं मोकळं दिसतं आणि नळीसमोर मात्र मातीचं ढेकूळ असतं. मान वर करून नळीसमोर एकदा बघून घ्या.

आता ती वाईट शिकार. दुसरा सीझन होता, तीन दिवस काही मिळालं नव्हतं, शेवटच्या दुपारी एक सुंदर नर ४१० यार्डांवर उभा होता आणि मधे एक ओघळ स्पष्ट दिसत होती जिच्यातून मी निम्म्या अंतरापर्यंत जाऊ शकलो असतो. नाही गेलो, थकलो होतो. वाऱ्याचा अंदाज घेतला, गोळी मारली, ती पोटात लागली. तो पळाला, बसला, मी उठलो की पुन्हा उठायचा. सूर्य मावळायला वीस मिनिटं असताना मी त्याच्याजवळ पोचलो आणि संपवला, अडीच तास ते जनावर तडफडत होतं आणि त्याला कारण फक्त माझा आळस. त्या रात्री ट्रकमध्ये मी जेवलो नाही. तेव्हापासून ओघळ दिसली की मी तिच्यात उतरतो, कितीही थकलेलो असलो तरी.

गोळी मारल्यावर लगेच दुसरं काडतूस चढवा आणि पडूनच रहा, बघत रहा. तो कुठे उभा होता ती जागा खुणेने लक्षात ठेवा. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, तो जवळच पडलेला असेल. हिरवट काही दिसलं तर पोटात लागलीय, तो नजरेआड बसला असेल तर त्याला उठवू नका, थांबा. जवळ गेल्यावर परवान्याचं कूपन तारीख-सही करून तिथेच जनावराला लावा, जागा सोडायच्या आधी.

मांस: इथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशोब

प्राँगहॉर्नचं मांस उग्र लागतं, कुबट वास येतो, असं लोक म्हणतात. हे खोटं आहे आणि मला याचा फार राग येतो. सप्टेंबरच्या दुपारी २५ अंशांचं ऊन असतं, त्याचे केस पोकळ असतात, ब्लँकेटसारखी उष्णता धरून ठेवतात, आणि लोक फोटो काढत, ट्रकच्या मागे टाकून गावभर फिरवत बसतात. मग मांस खराब होणारच, त्यात जनावराचा काय दोष?

फोटो पाच मिनिटांत उरका. मग कातडं सोला, लगेच. मी आतडी न काढताच करतो: एका कुशीवर ठेवून पाठीच्या कण्यावरून चीर द्यायची, कातडं पोटाकडे सोलत न्यायचं, पुढचा हात, मग मागची मांडी (रान) सुटी करायची, कण्यालगतची पाठीची पट्टी पूर्ण लांबीची काढायची, मानेचं मांस काढायचं, मग उलटं करून दुसरी बाजू. आतल्या बाजूच्या दोन लहान पट्ट्या शेवटी फासळीखालून हात घालून निघतात, त्या विसरू नका, सगळ्यात कोवळ्या त्याच. केस फार गळतात, म्हणून केसांना लावलेला हात मांसाला लावायचा नाही, पुठ्ठ्याजवळच्या वासाच्या ग्रंथींना तर चाकूही लावू नका, लागलाच तर चाकू बदला. खाण्यासारखं मांस रानात टाकून देणं गुन्हा आहे. नर-मादी ओळखता येईल असा पुरावा बरोबर ठेवावा लागतो, तो नियम त्या वर्षीच्या पुस्तिकेत वाचून घ्या.

मांस सुती पिशव्यांत घालून सावलीत, आणि तिथून कूलरमध्ये. मी घरून २० बाटल्या पाणी गोठवून नेतो, बर्फ वितळून मांस पाण्यात पोहत नाही आणि तेच पाणी नंतर प्यायला होतं. हाडं काढून एका जनावराचं पंधरा-अठरा किलो मांस मिळतं, दोघं असाल तर एका खेपेत ट्रकपर्यंत येतं.

घरी आल्यावर फ्रिजमध्ये चार-पाच दिवस ताटलीवर उघडं राहू द्या, मग तुकडे करा. चरबी जवळजवळ नसतेच, म्हणून पाठीची पट्टी बकऱ्याच्या मटणासारखी तासभर शिजवली तर चपलेसारखी होते. तिला फक्त मीठ, मिरपूड, लसूण, कडक तापलेल्या बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, आत गुलाबी राहिली पाहिजे. मान आणि पुढचे हात मात्र रश्श्याचे: आलं-लसूण-हळद लावून रात्रभर ठेवा, कांदा-सुकं खोबरं काळपट भाजून वाटा, काळा मसाला, आणि तेल नेहमीपेक्षा दीडपट घ्या कारण मांस स्वतःचं काही सोडत नाही. कुकरला सात-आठ शिट्ट्या, मग झाकण काढून मंद आचेवर तर्री वर येईपर्यंत. त्याच्याबरोबर ज्वारीची कडक भाकरी.